डासाच्या पेशींत डेंग्यू-२ वाढवून बघताना: अकरा महिन्यांचा हिशेब

प्रश्न एका ओळीचा होता. डेंग्यूचा विषाणू दिला तर डासाच्या कोणत्या पेशीत तो किती वाढतो? हातात सी६/३६ आणि एएजी-२ या डासांच्या दोन पेशीमालिका (लॅबमध्ये कायम वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी), विषाणू एकच, म्हणजे डेंग्यूचा दुसरा प्रकार, डेंग्यू-२, आणि मोजणी माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींवर. कागदावर हे सहा आठवड्यांचं काम दिसतं. जुलै २०२३ मध्ये अर्ज टाकला आणि शेवटची प्लेट मे २०२४ मध्ये रंगवली. विषाणूचा स्वतःचा प्रयोग त्यातले फार तर सात आठवडे चालला, बाकी सगळा वेळ परवानग्या, खरेदी आणि पेशींची ओळख यांत गेला. विदर्भातल्या एका साध्या लॅबमध्ये हे करताना जिथे जिथे अडलो ते क्रमाने लिहिलं आहे.

जुलै ते सप्टेंबर: समिती आणि जेम

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची बैठक दर तीन महिन्यांनी. जुलैची हुकली तर थेट ऑक्टोबर, म्हणून अर्ज आधी लिहून ठेवणं हाच पहिला धडा. अर्जाला काय जोडायचं ते कुठेच एकत्र लिहिलेलं नसतं. आमच्याकडे मागितलं गेलं ते असं: कामाची पायरीवार पद्धत, विषाणूचा प्रकार आणि स्रोत, जास्तीत जास्त किती मिली एका वेळी हाताळणार, सांडलं तर काय करणार, ज्यात विषाणू हाताळतात त्या कॅबिनेटच्या शेवटच्या तपासणीचं प्रमाणपत्र आणि ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, नोंदवही. नोंदवहीत १२१ अंशांचे आकडे होते, पण जंतू खरंच मेले का ते दाखवणाऱ्या जैविक इंडिकेटरची चाचणी नव्हती. त्यासाठी फाईल परत आली आणि तीन आठवडे गेले. अर्जाआधीच इंडिकेटरची एक पट्टी लावून निकाल चिकटवून ठेवला तर हे वाचतं.

आधीच्या मसुद्यात डेंग्यूबरोबर चिकनगुनियाही होता. दोन विषाणू म्हणजे दोन जोखीम-मूल्यांकनं, दुप्पट प्रश्न. चिकनगुनिया काढला. पहिल्यांदा करणाऱ्याने एकच विषाणू घ्यावा हे माझं ठाम मत आहे.

कचऱ्याचा परिच्छेद गुळगुळीत लिहू नये. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे लॅबमधलं कल्चर जागेवरच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीत जातं. पिपेटची टोकं कुठे, द्रव कुठे, हायपोक्लोराइट किती टक्के आणि रोज ताजं कोण करणार, हे नेमकं लिहिलं की समितीचे प्रश्न निम्मे होतात.

खरेदी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून. सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते सीरमनं. पेशींच्या खाद्यात मिसळायच्या गर्भवासराच्या सीरमची पाचशे मिलीची बाटली पाच आकड्यांत जाते आणि सर्वांत कमी दराच्या निविदेने जो लॉट येईल तो आपल्या पेशींना मानवेलच असं नाही. सी६/३६ ना नको असलेला लॉट लगेच कळत नाही. पेशी मरत नाहीत, फक्त वाढ मंदावते आणि आठवडाभराने दाणेदार दिसू लागतात. म्हणून निविदेच्या अटींतच लिहावं: आधी दोन-तीन लॉटचे पन्नास मिलीचे नमुने, आणि पसंत पडलेल्या लॉटचाच पुरवठा. आम्ही हे दुसऱ्या खेपेला लिहिलं. पहिल्या खेपेची बाटली शेवटी व्हेरोसाठी वापरली, त्यांना ती चालली.

इन्क्युबेटरचा घोळ

डासाच्या पेशी २८ अंशांवर वाढतात. साधा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीचं तापमान ३४ असेल तर २८ चा आकडा पॅनेलवर लावून काहीच होत नाही. आपल्याकडे मार्चनंतर हा प्रयोग साध्या इन्क्युबेटरमध्ये करताच येत नाही, बीओडी इन्क्युबेटरच लागतो, म्हणजे ज्यात कॉम्प्रेसर असतो तो. आमच्या विभागातल्या बीओडीमध्ये बुरशीच्या प्लेट ठेवत असत. बुरशी आणि पेशीकल्चर एका पेटीत ठेवणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा. रिकामा करून, हायपोक्लोराइटने आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून, दोन आठवडे फक्त मीडियम (पेशींचा पोषक द्रव) भरलेले फ्लास्क ठेवून पाहिलं. त्यातला एकही गढूळ झाला नाही तेव्हाच पेशी आत गेल्या.

आत पाण्याच्या बाटलीत बुडवलेला साधा थर्मामीटर ठेवा. पॅनेल २८ दाखवत होतं तेव्हा वरच्या खणात ३०.५ होतं. दोन-अडीच अंशांनी पेशी मरत नाहीत, पण विषाणूचा वेग बदलतो, आणि दोन मालिका वेगळ्या खणांत असतील तर तुलनाच खोटी ठरते. आमचे सगळे फ्लास्क आणि प्लेट यापुढे मधल्याच खणात राहिल्या.

ऑक्टोबर: सी६/३६ आल्या

पेशी मागवण्याच्या फॉर्मवर 'मूळ' असा एक रकाना असतो. तो भरताना इतिहास समजून घ्यावाच लागतो, आणि तो पुण्याचा आहे. १९६७ मध्ये पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्टाय या दोन्ही डासांच्या नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्यांपासून पेशीमालिका उभ्या केल्या. लवकरच दिसलं की अल्बोपिक्टसच्या पेशी डासांमधून पसरणाऱ्या विषाणूंना जास्त मोकळेपणाने वाढू देतात आणि काही विषाणूंनी त्या डोळ्यांना दिसेल इतक्या बिघडतातही. १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी त्याच मालिकेतून एकेका पेशीपासून वंश वेगळे केले आणि डेंग्यू व चिकनगुनियाला सर्वांत संवेदनशील निघालेला वंश म्हणजे सी६/३६. त्याच वर्षी पुण्याची ती संस्था राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. आज जगभर डेंग्यूचे नमुने ज्या पेशींवर टाकतात त्यांचं माहेर पुणे आहे, हे रकाना भरताना बरं वाटतं.

कुपी गोठलेली आली तर ३७ अंशांच्या पाण्यात मिनिटभर, बर्फाचा शेवटचा खडा शिल्लक असताना बाहेर. गोठवताना घातलेलं डीएमएसओ काढायला सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हळू फिरवायचं, २०० जी, पाच मिनिटं. पहिल्या दोन दिवसांत निम्म्या पेशी तरंगताना दिसतात आणि पोटात गोळा येतो. फ्लास्क न हलवता ठेवून द्यावा. चौथ्या दिवशी खाली चिकटलेल्यांची बेटं दिसू लागली.

आम्ही वापरलेलं मीडियम: लायबोविट्झ एल-१५, त्यात दहा टक्के ट्रिप्टोज फॉस्फेट ब्रॉथ आणि दहा टक्के सीरम, ते ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं. एल-१५ ला कार्बन डायऑक्साइड लागत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. व्हेरोच्या सवयीने कोणी तो फ्लास्क सीओटूच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला की मीडियम काही तासांत पिवळं, आम्ल. पेशी गोळा होतात आणि नवशिक्याला वाटतं जंतू शिरले. उलट, एमईएम हे दुसरं मीडियम वापरत असाल तर त्याला बायकार्बोनेटचा तोल लागतो, झाकण घट्ट नसेल तर तो फ्लास्क जांभळा होतो. एका लॅबमध्ये दोन्ही मीडियम असतील तर झाकणांवर वेगळ्या रंगाचे ठिपके द्या.

सी६/३६ काढायला ट्रिप्सिन लागत नाही. फ्लास्कला तळहाताने दोन-तीन टपल्या, नाहीतर रबरी स्क्रेपर. मग दहा मिलीच्या पिपेटने दहा-बारा वेळा वर-खाली, फेस न करता. गुठळी राहिली तर मोजणी चुकते, आणि मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं. एकास पाच या प्रमाणात आठवड्यातून दोनदा विभागल्या. आलेल्या पेशींचा पॅसेज क्रमांक, म्हणजे त्या आतापर्यंत किती वेळा विभागल्या, तो पत्रावर असतो. तो पहिल्याच फ्लास्कवर लिहा, नाहीतर तो परत कधीच सापडत नाही. पाच पॅसेजच्या आत वीस कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये.

नोव्हेंबर ते जानेवारी: एएजी-२ ची वाट

एएजी-२ म्हणजे एडिस इजिप्टायच्या भ्रूणांपासून निघालेली मालिका. ती परदेशातल्या सहकाऱ्यांकडून मागवली. हस्तांतरण करारावर दोन्हीकडच्या सह्या व्हायला अडीच महिने लागले. आपल्याकडे सही कोण करणार हेच महिनाभर ठरत नव्हतं. हा अधिकार कोणाकडे आहे ते पहिल्या दिवशीच लेखी विचारून घ्या.

डासाच्या पेशींची एक मोठी सोय म्हणजे त्या खोलीच्या तापमानाला प्रवास करतात. कोरड्या बर्फाचा खर्च नाही, सीमाशुल्कात बर्फ उडून जाण्याची भीती नाही. फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियमने भरायचा, म्हणजे हवेचा बुडबुडा पेशींवर आपटत नाही. झाकणाला पॅराफिल्म, दोन पिशव्या, शोषक कागद. पार्सल नऊ दिवस वाटेत होतं. आल्यावर लगेच उघडू नये: एक रात्र २८ अंशांवर आडवं ठेवून, दुसऱ्या दिवशी पाच मिली सोडून बाकीचं मीडियम बाजूला काढायचं. ते फेकू नका. गाळून पुढच्या दोन विभागण्यांत निम्म्याला निम्मं वापरलं तर पेशी नव्या मीडियमला लवकर सरावतात.

फेब्रुवारी: या पेशी नक्की कोणाच्या?

हा भाग बहुतेक जण गाळतात. आम्हीही गाळणार होतो.

कीटकपेशींच्या दुनियेत ओळखीचा घोटाळा जुना आहे. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेस यांनी एडिस इजिप्टायची म्हणून दिलेली मालिका पुढे पतंगाच्या पेशींची निघाली. त्याच लॅबमधल्या अँथेरिया पतंगाच्या पेशींनी तिची जागा घेतली होती. तोवर ती बऱ्याच ठिकाणी डासाची म्हणून वापरून झाली होती. आज हे तपासायला, प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा एक पीसीआर आणि सिक्वेन्सिंग पुरतं, नमुन्यामागे काही शे रुपये. दोन्ही मालिकांचा करून घेतला, दोन्ही खऱ्या निघाल्या. पेशींत लपून राहणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूची पीसीआर चाचणीही याच आठवड्यात.

तिसरी तपासणी मात्र डोळे उघडणारी. विषाणू न दिलेल्या पेशींवर फ्लॅव्हिव्हायरस या डेंग्यूच्या कुळाच्या एनएस५ जनुकाचे सर्वसाधारण प्रायमर (पीसीआरमध्ये कोणता तुकडा शोधायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) चालवले. सी६/३६ कोऱ्या. एएजी-२ मध्ये अपेक्षित लांबीची ठळक पट्टी. दोनदा नव्या पाण्याने, नव्या प्रायमरने केलं, तरी पट्टी तिथेच. सिक्वेन्सिंगमध्ये तो सेल फ्यूजिंग एजंट व्हायरस निघाला. हा १९७५ मध्ये स्टॉलर आणि थॉमस यांना एडिस इजिप्टायच्याच पेशीमालिकेत सापडला होता: फक्त कीटकांत वाढणारा, माणसाला निरुपद्रवी, पण डेंग्यूच्याच कुळातला. एएजी-२ मध्ये तो कायमचा भाडेकरू असतो, आणि या मालिकेच्या अनेक वंशांत फासी चारोएन-सारखा आणखी एक विषाणूही नांदतो. पेशी ठणठणीत दिसतात.

याचे परिणाम तीन. सर्वसाधारण प्रायमर बाद, फक्त डेंग्यू-२ चे विशिष्ट प्रायमर. कॅबिनेटमध्ये रोज आधी सी६/३६, नंतर एएजी-२, कधीच उलट नाही, कारण हा भाडेकरू अल्बोपिक्टसच्या पेशींत शिरून त्यांना एकमेकींत वितळवतो, आणि हेच चित्र डेंग्यूही दाखवतो. आणि एएजी-२ च्या वरच्या द्रवातला विषाणू सी६/३६ वर मोजायचा नाही. तो व्हेरोवर मोजायचा: पृष्ठवंशीयांच्या पेशींत हा भाडेकरू वाढतच नाही.

मार्च: विषाणूचा साठा आणि संसर्ग

विषाणू डेंग्यू-२, न्यू गिनी सी. १९४४ सालचा, लॅबमध्ये मुरलेला प्रकार. ताज्या रुग्णाचा विषाणू जास्त खरा असतो हे मान्य, पण तो व्हेरोवर नीट प्लाक (विषाणूने पेशी मारून पडलेली, मोजता येणारी भोकं) देईलच असं नाही, आणि मोजता न येणाऱ्या विषाणूवर तुलना करता येत नाही.

साठा सी६/३६ मध्येच वाढवला. ऐंशी टक्के भरलेला फ्लास्क, दोन टक्के सीरमचं मीडियम, पाचव्या दिवशी वरचा द्रव काढून, फिरवून, वीस टक्के सीरम करून, दोनशे मायक्रोलिटरच्या नळ्यांत उणे ८० वर. मोठ्या नळीत ठेवून पुन्हा पुन्हा वितळवलं की प्रत्येक वेळी विषाणू कमी होतो आणि महिन्याभरात आपला एमओआय, म्हणजे एका पेशीमागे दिलेल्या विषाणूकणांचं प्रमाण, नुसता कागदावरचा उरतो. मोजणीही एक नळी गोठवून, वितळवून मगच करायची, कारण वापरताना ती तशीच असणार.

संसर्गाचा हिशेब असा. चोवीस खणांच्या प्लेटमध्ये आदल्या संध्याकाळी खणाला तीन लाख पेशी. सकाळी संसर्गाआधी एक जादा खण खरवडून पुन्हा मोजायचा, कारण रात्रीतून आकडा बदलतो आणि दोन मालिकांत तो वेगवेगळा बदलतो. समजा तीन लाखच आहेत आणि एमओआय ०.१ हवा, तर तीस हजार संसर्गक्षम कण लागतील. साठा मिलीला दहा लाखांचा असेल तर तीस मायक्रोलिटर, त्यात मीडियम घालून दोनशे. २८ अंशांवर एक तास, दर पंधरा मिनिटांनी प्लेट हलकेच कलती करायची, नाहीतर खणाचा मध्य कोरडा पडतो.

मग तीन वेळा धुणं. पहिली पूर्ण फेरी इथेच वाया गेली. सी६/३६ ची पकड सैल असते. व्हेरोला धुतात तसं धुतलं की तिसऱ्या वेळेला खणात पेशींपेक्षा भोकं जास्त. कमी धुतलं तर दिलेलाच विषाणू मागे राहतो आणि 'वाढ' म्हणून मोजला जातो. शेवटी संसर्ग नळीत केला: पेशी आणि विषाणू एकत्र तासभर, २०० जी ला फिरवून वरचं काढायचं, असं तीनदा, मग खणात पेरायचं. हात जास्त लागतो, पण दोन्ही मालिकांना सारखीच वागणूक मिळते.

धुतल्यावर लगेच घेतलेला शून्य तासाचा नमुना हा सगळ्या प्रयोगाचा कणा. त्याच्याबरोबर ५६ अंशांवर अर्धा तास मारलेला विषाणू दिलेले तीन खण. ते नसतील तर नुसत्या आरटी-पीसीआरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. मेलेल्या विषाणूचा आरएनएही दोन-तीन दिवस दिसत राहतो. आमच्या मारलेल्या खणांत पहिल्या दिवशी बऱ्यापैकी संकेत होता, मग तो रोज ओसरत गेला. जिवंत खणांत तो आधी थोडा उतरून मग चढला. संवेदनशील असणं म्हणजे विषाणू आत घेणं, आणि वाढू देणं म्हणजे नवा विषाणू बाहेर सोडणं: या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि हे दोन आलेख त्यातला फरक दाखवतात.

नमुने शून्य, २४, ४८, ७२, ९६, १२० आणि १४४ तासांना. संसर्ग मंगळवारी केला की सहावा दिवस सोमवारी येतो आणि मधल्या रविवारी किल्लीची परवानगी लागते. सोमवारी केला तर तोच दिवस रविवारी येतो. कसंही केलं तरी एका रविवारी पहारेकऱ्याला गाठावंच लागतं, तेव्हा ते पत्र आधी घेऊन ठेवा.

एप्रिल-मे: मोजणी, आणि काय दिसलं

व्हेरोवर प्लाक, दहापटीने विरळ केलेले नमुने, वर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचा थर, ३७ अंश आणि पाच टक्के सीओटू, सहा दिवस. मग फॉर्मालिन आणि क्रिस्टल व्हायोलेट. सेल्युलोज आदल्या दिवशी भिजवून ऑटोक्लेव्ह करायचं, त्याच दिवशी केलं तर गुठळ्या राहतात आणि त्या प्लाकसारख्याच दिसतात. एप्रिलमध्ये वीज दोनदा गेली. दुसऱ्यांदा प्लेट चौथ्या दिवशी होत्या, सगळ्या टाकून पुन्हा लावल्या. गोठवलेल्या नमुन्यांच्या दोन-दोन नळ्या होत्या म्हणून निभावलं.

सी६/३६ मध्ये चौथ्या दिवशी महापेशी दिसू लागल्या, एका आवरणात दहा-पंधरा केंद्रकं, आणि विषाणूचं शिखर चौथ्या-पाचव्या दिवशी. एएजी-२ दिसायला जशाच्या तशा, विषाणू उशिरा आणि स्पष्टपणे कमी. मायक्रोस्कोपवर विसंबलो असतो तर 'एएजी-२ ला लागण नाही' असं लिहून मोकळे झालो असतो. फ्लॅव्हिव्हायरसच्या आवरणावर बसणारी ४जी२ अँटिबॉडी लावून पाहिलं तेव्हा तिथेही चमकणाऱ्या पेशी होत्या, विषाणू न दिलेल्या खणांत नव्हत्या.

कारण माहितीतलं आहे. सी६/३६ मध्ये डायसर-२ हे एन्झाइम निकामी आहे. दुहेरी आरएनए कापून २१ अक्षरांचे तुकडे करणारी, विषाणूला आवर घालणारी कीटकांची मुख्य यंत्रणाच तिथे लंगडी. एएजी-२ मध्ये ती शाबूत आहे. इगाराशींनी सर्वांत संवेदनशील वंश निवडला तेव्हा नकळत पहारेकरी नसलेलं घरच निवडलं, हे २०१० च्या सुमारास उघड झालं.

म्हणून या आकड्यांवरून 'अल्बोपिक्टसला डेंग्यू जास्त होतो' असं म्हणणं चूक. शहरांत डेंग्यू पसरवणारा मुख्य डास इजिप्टायच आहे. पेशीमालिकेला ना आतडं, ना लाळग्रंथी, ना रक्त पिऊन पचवण्याचा प्रश्न. खऱ्या डासात विषाणू बहुतेक वेळा आतड्याच्या भिंतीशी अडतो आणि ती भिंत आमच्या प्लेटमध्ये कुठेच नव्हती. अहवालाच्या पहिल्या मसुद्यातलं तसं एक वाक्य परीक्षकांआधी आम्हीच खोडलं.

समितीला समाप्तीचा फॉर्म मेच्या शेवटच्या आठवड्यात गेला. त्यात किती नळ्या वापरल्या, किती नष्ट केल्या आणि किती उरल्या हे लिहावं लागतं, आणि बेरीज जुळावी लागते. आमच्या नोंदीत दोन नळ्या कमी पडत होत्या. त्या उणे ८० च्या तळाशी, बर्फात चिकटलेल्या सापडल्या. लेबल बॉलपेनने लिहिलेलं होतं, ते पुसलं गेलं होतं, म्हणून कोणाच्या ते ओळखता येईना. दोन्ही ऑटोक्लेव्ह केल्या आणि तसं नोंदवलं.